फोर्डशी जमलं नाही, इंग्रज सरकार आडवं आलं, तरी सोलापूरच्या वालचंदशेठनी अमेरिकेचा डॉज कुर्ल्यात आणलाच

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की हायवेला लागून गडेगाव येतं. इथे अशोक लेलँडचा कारखाना आहे, १९८२ पासूनचा. ट्रकाचं सगळ्यात किचकट काम म्हणजे गिअरबॉक्स. तो इथे बनतो.

याच जिल्ह्यात वर तुमसरच्या बाजूला गेलं की चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी लागतात. मँगनीजशिवाय चांगलं पोलाद होत नाही. पोलादातल्या गंधकाचा ठिसूळपणा ते मारतं आणि पोलादाला कणखरपणा देतं. ट्रकाची चासी, एक्सल, पाटे, गिअर या सगळ्याला ते लागतंच.

म्हणजे आज जमिनीखालचं मँगनीजही भंडाऱ्याचं आणि वर रस्त्यावर धावणारा गिअरबॉक्सही भंडाऱ्याचा.

पण शंभर वर्षांपूर्वी यातली अर्धीच गोष्ट खरी होती. मध्य प्रांतातलं मँगनीज खणून काढायला १८९६ मध्ये एक ब्रिटिश कंपनी उभी राहिली होती. इथल्या मजुरांनी खणलेला दगड रेल्वेने बंदरावर जायचा, तिथून जहाजाने परदेशी पोलाद कारखान्यांत. आणि आपल्याकडे परत काय यायचं? तयार मोटारी. तयार ट्रक. नाहीतर त्यांचे सुटे भाग भरलेली लाकडी खोकी.

कच्चा माल आपला, गाडी त्यांची. हा हिशेब एका माणसाला पटला नाही, म्हणून त्याने थेट अमेरिकेतल्या कंपनीशी करार केला. जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी आजही डॉज, फार्गो, डिसोटो ही नावं ऐकू येतात, ती या माणसामुळे.

नाव, वालचंद हिराचंद दोशी.

तर सुरुवात होते सोलापुरातून.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरकडचं, गुजराती दिगंबर जैन. पण पिढ्या सोलापुरात रुळलेल्या. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी. वडील हिराचंद नेमचंद जैन समाजातले सुधारक म्हणून ओळखले जायचे. वालचंद अगदी तान्हे असतानाच आई गेली.

शिक्षणासाठी मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण पदवी काही पदरात पडली नाही. घरच्या धंद्यात बसवून पाहिलं, तिथेही मन लागेना. व्याजाचे आकडे मांडत आयुष्य काढणं या पोराला जमणारं नव्हतं.

तेव्हा गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांची. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कंत्राटं कशी निघतात, कशी भरतात, हे त्यांना माहीत. वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद. दोघांनी फाटक-वालचंद नावाने भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्याचं काम घेतलं.

पुढे १९२० नंतर टाटा कन्स्ट्रक्शनच्या नावाने बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम झालं, मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन झाली, ब्रह्मदेशात इरावती नदीवरचा पूल झाला. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आली, म्हणजे आजची एचसीसी.

पण कंत्राटदार म्हणून पैसा मिळवणं वेगळं आणि इंग्रजांच्या मक्तेदारीत हात घालणं वेगळं. वालचंदांनी दुसरी वाट धरली.

१९१९ मध्ये त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी एक जहाज विकत घेतलं, ‘एसएस लॉयल्टी’. मूळचं कॅनडियन पॅसिफिक कंपनीचं, मग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी घेऊन युद्धात हॉस्पिटल शिप म्हणून दिलेलं. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आज आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो यासाठी.

पण व्यवहार म्हणून पाहिलं तर लॉयल्टी तोट्यात गेलं. चारेक वर्षांत ते मोडीत निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर इतके पाडले की नव्या सिंदिया कंपनीचा श्वास कोंडला. तरीही सिंदिया टिकली. या भांडणातून वालचंदांना कळलेली गोष्ट पुढे आयुष्यभर उपयोगी पडली. वाहतूक ज्याच्या हातात, दर त्याच्या हातात.

समुद्र झाला. आता रस्ता.

त्या काळात भारतात मोटारी येत होत्या, पण बनत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायचा कारखाना काढला. फोर्डनेही मद्रास, कलकत्ता, मुंबईत तेच केलं. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. गाडी जोडणं म्हणजे असेंब्ली. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, पत्रा सगळं खोक्यात भरून येणार आणि इथले कामगार फक्त नट आवळणार. गाडी बनवणं म्हणजे तोच इंजिन ब्लॉक इथे ओतायचा, तोच गिअर इथे कापायचा.

पहिल्यात कामगाराला मजुरी मिळते. दुसऱ्यात देशाला विद्या मिळते.

ही गोष्ट सगळ्यात आधी नेटाने मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ च्या सुमारास ते युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने पाहून आले आणि मुंबईत कारखाना काढायची योजना त्यांनी तयार केली. उद्योजकांमधून वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्यानेही अनुकूलता दाखवली.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण फिसकटली. फोर्डचा ब्रिटिश साम्राज्यातला बराचसा धंदा कॅनडाच्या कंपनीमार्फत चालायचा, भारतीय मालकीच्या कारखान्यात त्यांना रस नव्हता.

मग दार वाजवलं क्रायस्लरचं.

वॉल्टर क्रायस्लरने १९२८ मध्ये डॉज कंपनी विकत घेतली होती. डॉज ही जॉन आणि होरेस या दोन भावांनी उभी केलेली कंपनी. दोघेही १९२० मध्ये, एकाच वर्षात गेले. पण गाड्या मजबूत म्हणून नाव झालं होतं. क्रायस्लरच्या छत्राखाली डॉजचे पिकअप आणि ट्रक जोरात चालले. क्रायस्लर तांत्रिक मदत द्यायला तयार झाली आणि करार झाला.

आता सगळं जुळलं असं वाटावं, तर तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, मुंबईचा आधार गेला. मग म्हैसूर संस्थानात कारखाना काढायचा विचार झाला. तिथे इच्छा होती, पण दिल्लीतलं इंग्रज सरकार आडवं आलं. सरकारचं म्हणणं असं की मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा नाही, आणि त्याच्या यंत्रांसाठी डॉलर अन् जहाजात जागा देता येणार नाही.

विनोद बघा. युद्ध चालू होतं ते ट्रकांवर. आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अमेरिकी डॉज चिखल तुडवत होते. हजारोंनी वाहनं समुद्रमार्गे भारतात उतरत होती. आणि ती बनवायचा कारखाना मात्र युद्धासाठी गरजेचा नव्हता.

वालचंद थांबले नाहीत. अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी ओळख झाली, आणि त्यातून २३ डिसेंबर १९४० ला बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, आजची एचएएल. इथे म्हैसूर संस्थानाचा पैसाही होता. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची कोनशिला बसली, डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. १९४२ मध्ये जपान्यांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले, काम विस्कळीत झालं. त्याच वर्षी सरकारने विमान कारखान्यातला वालचंदांचा हिस्सा विकत घेतला.

म्हणजे विमान हातचं गेलं, जहाज अडकलं, मोटार तर सुरूच झाली नव्हती. साठीला टेकलेल्या माणसाने इथे हात टेकले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

१९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली.

जागा ठरली मुंबईत कुर्ला. कोलकात्याकडे बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स याच सुमारास उभी राहत होती, तिने परवान्यासाठी इंग्लंडच्या मॉरिसकडे पाहिलं. वालचंदांनी अमेरिकेवरच भर दिला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत होता त्याच वर्षी, कुर्ल्यातून प्रीमियरच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथच्या मोटारी, आणि डॉज, डिसोटो, फार्गोचे ट्रक.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. डॉज, फार्गो आणि डिसोटो हे तीन वेगळे ट्रक होते का? तर नाही. ट्रक एकच, नावं तीन. क्रायस्लरची वेगवेगळ्या नावांनी गाड्या विकणारी डीलर मंडळी वेगवेगळी होती. प्रत्येकाला विकायला ट्रक हवा, म्हणून पुढची पाटी आणि थोडी नक्षी बदलायची आणि तोच ट्रक दुसऱ्या नावाने द्यायचा. आज एकच गाडी दोन कंपन्यांच्या लोगोखाली विकली जाते ना, तसंच.

आता जरा बॉनेट उघडून बघू. कारण हा ट्रक एवढा का टिकला, याचं उत्तर तिथे आहे.

अमेरिकेत १९४८ मध्ये डॉजने ट्रकांची नवी मालिका आणली. अर्ध्या टनाच्या छोट्या पिकअपपासून मोठ्या ट्रकापर्यंत घराणं एकच, ठेवण तीच. डॉजचा मंत्र होता की कामाप्रमाणे ट्रक द्यायचा. शेतकऱ्याला भाजी न्यायची आहे की ठेकेदाराला खडी, त्यावरून इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, एक्सल निवडायचं.

या पिकअपचा सांगाडा म्हणजे शिडीसारखी चासी. दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्यावर पुढे इंजिन, मध्ये केबिन, मागे हौदा. एखाद्या पट्टीला तडा गेला तर गावातला वेल्डरसुद्धा पट्टी मारून देणार. खाली कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. रिकामा ट्रक खड्ड्यात आदळला की आतला माणूस छताला लागतो, पण भरलेला ट्रक मात्र बोटीसारखा डुलत जातो. पाटा तुटला तर एक पट्टी बदलायची, पूर्ण संच नाही.

इंजिन सहा सिलिंडरचं, सगळे एका रांगेत. त्याला फ्लॅटहेड म्हणतात. आजच्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. फ्लॅटहेडमध्ये ते सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसतात. त्यामुळे हेड म्हणजे निव्वळ एक झाकण. पाने घेऊन बसलं की झाकण निघतं, कार्बन खरवडता येतो, व्हॉल्व्ह घासता येतात. झाडाखालीसुद्धा.

तोटाही आहे. हवेला आडवं वळण घ्यावं लागतं, कॉम्प्रेशन कमी राहतं, म्हणून इंजिन मोठं आणि ताकद बेताची. अर्ध्या टनी डॉजचं इंजिन सुमारे ३.६ लिटरचं, ताकद ९५ हॉर्सपॉवर. आजची १.२ लिटरची छोटी कार जवळपास तेवढी ताकद देते. पण कमी कॉम्प्रेशनचा फायदा असा की हलक्या प्रतीचं पेट्रोलही हे इंजिन पचवायचं.

बॅटरी सहा व्होल्टची. स्टार्टर चावीवर नाही, पायाखाली. पायाने खटका दाबायचा. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारायचं.

जड ट्रकांच्या गिअरला सिंक्रोमेश नसायचा, म्हणजे दोन चाकांचा वेग आपोआप जुळवणारी सोय नव्हती. म्हणून डबल क्लच. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडून अॅक्सिलरेटरने इंजिनचा वेग जुळवायचा, परत क्लच दाबून गिअर टाकायचा. चुकलं की दात कर्रकन ओरडणार. गिअर न वाजवता टाकणं हीच ड्रायव्हरची परीक्षा.

आणि नवख्या क्लीनरची परीक्षा असायची चाक काढताना. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असायचे. चाक फिरता फिरता नट ढिला पडू नये म्हणून केलेली सोय. ज्याला माहीत नाही तो सोडवायला म्हणून जोर लावायचा आणि नट आणखी आवळत जायचा, शेवटी बोल्टच तुटायचा.

भारतात आल्यावर या अमेरिकी सांगाड्यावर देशी कपडे चढले. ट्रक बऱ्याचदा चासीच्या रूपात विकला जायचा आणि मागची बॉडी इथले सुतार-लोहार लाकूड-पत्र्यात बांधायचे. पेट्रोल परवडेना, तेव्हा पुढे प्रीमियरच्या ट्रकांत डिझेल आलं. ती पर्किन्सची इंजिनं मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनायची.

म्हणजे खोकं उघडून नट आवळण्यापासून सुरुवात झाली, आणि एकेक भाग इथे बनायला लागला. वालचंदांना हेच हवं होतं.

पण हे फळ बघायला त्यांच्याकडे वेळ थोडा उरला होता. १४ मार्च १९४८ ला विशाखापट्टणमला ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. त्या आनंदाला वर्ष-दीड वर्ष होतं न होतं तोच, १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. लालचंद, गुलाबचंद, रतनचंद या भावांनी धंदा सांभाळला. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आणि त्याच १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनचा अहवाल स्वीकारला. धोरण असं ठरलं की ज्यांच्याकडे भारतात भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच थांबावं, नुसती जोडाजोड करणाऱ्यांनी निघावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली. ज्या मुद्द्यावरून वालचंद पंधरा-वीस वर्षं भांडले, तो मुद्दा ते गेले त्या वर्षी देशाचं धोरण झाला.

अर्थात गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही.

बाजार बंदिस्त झाला तसं नवं काही करायची घाईही संपली. अमेरिकेत डॉजचं रूप दर काही वर्षांनी बदलत होतं, इथे मात्र जुनीच ठेवण वर्षानुवर्षं चालली. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या परवान्यावर डिझेल ट्रक सुरू केला, १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्समध्ये लेलँड आली. लांबच्या रस्त्यावर या दोघांनी डॉज-फार्गोला हळूहळू मागे टाकलं. प्रीमियरची ओळख उरली ती फिएटवरून. पुढे तिचीच पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा रस्त्यावरून उतरली.

वालचंदांवर एक आक्षेप तेव्हाही होता, आजही घेता येतो. स्वदेशीचा झेंडा घेतला खरा, पण ट्रकाचं डिझाइन तर अमेरिकेचंच होतं ना? होतं. स्वतःचा ट्रक त्यांनी शून्यातून काढला नाही. पण शिकायचं तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आधी पाना धरावा लागतो. परवान्यावर का होईना, भाग इथे बनायला लागले की ओतकाम करणारे, गिअर कापणारे, हत्यारं घासणारे कारागीर तयार होतात. कंपनी बुडाली तरी ती माणसं आणि त्यांची विद्या राहते.

आज त्यांचं नाव सांगलीच्या वालचंद कॉलेजवर आहे, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरवर आहे. मालेगावजवळच्या रावळगावचं चॉकलेट लहानपणी खाल्लं असेल, तर तेही त्यांच्याच साखर कारखान्यातून आलेलं.

भंडाऱ्यात मात्र त्यांचं काही नाही. ना कारखाना, ना पुतळा. पण मँगनीजच्या त्या ब्रिटिश कंपनीचा कारभार १९६२ मध्ये मॉईलकडे आला आणि पुढे वीस वर्षांनी गडेगावात गिअरबॉक्स बनायला लागले. दगडही इथला आणि गिअरचे दातही इथेच कापलेले.

पुढच्या वेळी साकोली रोडला तांदळाने भरलेला ट्रक चढ चढताना गिअर बदलेल, तेव्हा कान देऊन ऐका. आता दात ओरडत नाहीत. डबल क्लचही लागत नाही. तो गिअर इथे बनावा, खोक्यात भरून येऊ नये, एवढ्यासाठी सोलापूरचा एक माणूस म्हातारपणापर्यंत सरकारशी भांडला होता.